बॅटमन कुठल्या कपाटात ठेवायचा?

"तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. मुलगा परदेशी स्थायिक झाल्यावर एका कुटुंबाने त्याची इंग्रजी पुस्तकं आम्हाला भेट दिली. त्यात तीन चित्रकादंबऱ्या होत्या : 'बॅटमन : द लाँग हॅलोविन', 'बॅटमन : द किलिंग जोक' आणि 'वॉचमेन'. चित्रं दिसली म्हणून मी त्या बालविभागात लावल्या. कॉलेजच्या मुलांना सुगावा लागला आणि 'लाँग हॅलोविन' कपाटात टिकेना. मग एक दिवस कार्यकारी मंडळातल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी ते पुस्तक उघडलं, तर नेमका खुनाचाच प्रसंग! तेव्हापासून तिन्ही पुस्तकं माझ्या टेबलाच्या खणात कुलपात आहेत. मुलं रोज विचारतात. पुढच्या सभेत मला उत्तर द्यायचंय. खरं सांगायचं तर मी वाचून बघितलं, पण डोळा कुठे ठेवायचा तेच समजेना. मुलांना यात एवढं काय सापडतं? आणि पुस्तक ठेवू कुठे?"
– एक ग्रंथपाल

ताई, नमस्कार.

पुस्तक कुलपात गेलं की त्याची मागणी वाढते, हे तुम्हाला मी सांगायला नको. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा भूगोलाच्या पुस्तकात लपवून वाचणारी पिढी आज बहुतेक वाचनालयांच्या मंडळांवर बसलेली आहे. काळापहाड काय, झुंजार काय, कायद्याच्या कडेकडेने चालणारेच नायक ते. तुमच्या ज्येष्ठ सदस्यांना सभेच्या आधी एकदा सहज विचारून बघा, लहानपणी काय वाचायचात? उत्तर देताना चेहरा कसा खुलतो ते बघा. निम्मं काम तिथेच होईल.

उरलेल्या निम्म्यासाठी पुस्तक माहीत असायला हवं. तेव्हा आधी तुमचा पहिला प्रश्न घेतो, मुलांना यात काय सापडतं हा. ठेवायचं कुठे, ते त्यातूनच निघेल.

बॅटमन म्हणजे वटवाघळाचा पोशाख घालून गुंडांना बडवणारा माणूस, एवढंच आपल्या डोक्यात असतं. पण तो पहिल्यांदा छापला गेला मे १९३९च्या 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या २७व्या अंकात. मासिकाच्या नावातच गुप्तहेर आहे, आणि डीसी या प्रकाशनसंस्थेची आद्याक्षरंही तिथलीच. म्हणजे या माणसाचा मूळ धंदा शोध घेण्याचा. उडता येत नाही, गोळी लागली तर रक्त येतं, अंगात दैवी ताकद नाही. डोकं, पैसा आणि हट्ट यांवर सगळा कारभार. मधल्या काळात त्याची बरीच सोंगं झाली, विनोदीसुद्धा. 'लाँग हॅलोविन'ने त्याला पुन्हा तपासाला जुंपलं. जेफ लोब लेखक, टिम सेल चित्रकार. १९९६-९७मध्ये दर महिन्याला एक असे तेरा अंक निघाले, ते एकत्र बांधून झालेला हा ठोकळा.

गोष्ट एका वर्षाची आहे. ३१ ऑक्टोबर म्हणजे हॅलोविन, भुताखेतांची सोंगं काढायची रात्र. त्या रात्री गॉथम शहरातल्या सगळ्यात मोठ्या माफिया घराण्यातला एक तरुण बाथटबमध्ये मारला जातो. पुढचा बळी थँक्सगिव्हिंगला, त्यानंतर नाताळ, मग वर्षअखेरची रात्र, असं करत करत पुढच्या हॅलोविनपर्यंत. प्रत्येक अंकाला एक दिवस. व्हॅलेंटाइन झाला, मदर्स डे झाला, फादर्स डे झाला. खुनी पिस्तूल तिथेच टाकून जातो. पॉइंट टू टू बोअरचं साधं पिस्तूल, त्यावरचा नंबर घासून काढलेला, आणि आवाज दाबायला नळीच्या तोंडावर बाळाच्या दुधाच्या बाटलीचं रबरी निपल बसवलेलं. शेजारी त्या त्या सणाची एखादी वस्तू. आपल्याकडे संक्रांत, होळी, पाडवा, अक्षय्य तृतीया अशा ओळीने कोणी मुडदे पाडू लागला तर भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या लाल तारखांकडे आपण कसे बघू? या पुस्तकाच्या वाचकाला तसं बघायला शिकवलं जातं. पुढचा सण कोणता हे त्याला ठाऊक असतं. पाळी कोणाची, हे नसतं. खुन्याला पेपरवाले नाव देतात 'हॉलिडे'. आणि मनोरुग्ण गुन्हेगारांच्या कोठडीत बसलेला 'कॅलेंडर मॅन' नावाचा एक टकल्या बॅटमनला हे सगळं मजेत समजावून सांगत असतो.

आता तुमची अडचण, डोळा कुठे ठेवायचा ही. आपण अक्षरवाचक चित्रकथा हातात घेतली की फुग्यातले संवाद भराभर वाचतो आणि चित्रांवरून पळतो. इथे उलटं करा. पान उलटलं की आधी काही न वाचता अख्खं पान बघा. मग डावीकडून उजवीकडे, वरून खाली, एकेका चौकटीत शिरा. दोन चौकटींच्या मधली कोरी पट्टी असते ना, तिथेही काहीतरी घडलेलं असतं, ते तुम्ही भरून काढायचं. पहिल्या चौकटीत पिस्तूल रोखलेलं आणि दुसरीत माणूस पडलेला, मध्ये गोळी तुम्ही चालवली! फुग्यांत न बसणारा, चौकोनी डब्यांतला मजकूर हा बॅटमनच्या मनातला विचार. तो कमी बोलतो, डबे छोटेच असतात.

खुनांची पानं मुद्दाम बघा. तिथे रंग एकदम निघून जातो. सगळं काळं, पांढरं, राखाडी, आणि सणाची ती वस्तू तेवढी रंगीत. हॅलोविनच्या भोपळ्याचा नारिंगी रंग त्या पानावर असा दिसतो की पुढच्या वेळी पान करडं व्हायला लागलं की पोटात गोळा येतो. खुन्याचा चेहरा अर्थातच दिसत नाही. टिम सेल रंगांध होता, हे पुष्कळांना माहीत नसतं. तो काळ्या-पांढऱ्यात काढायचा, रंग भरले ग्रेगरी राइटने. त्यामुळे म्हणा किंवा स्वभावाने म्हणा, सेलची काळी शाई फार बोलते. बॅटमनचा झगा म्हणजे कधीकधी पानभर नुसता काळोख असतो, त्यात कुठेतरी दोन कान आणि एक हनुवटी. सेल २०२२मध्ये गेला. त्याच्यासारखी सावली टाकणारा दुसरा माझ्या तरी बघण्यात नाही.

तर एक गंमत ही, की हे पुस्तक वाचताना तपास वाचकाच्या डोळ्यांनी चालतो. छापील रहस्यकथेत लेखक तुम्हाला सांगतो की टेबलावर एक मोजा पडला होता. सांगितलं, म्हणजे मोजा महत्त्वाचा! चित्रात मोजा नुसता पडलेला असतो, शंभर वस्तूंमधली एक वस्तू होऊन. कोणी बोट दाखवत नाही. तुमची मुलं ते पुस्तक परत करून पुन्हा घरी नेत असतील तर त्याचं कारण हे आहे. शेवट कळल्यावर पहिल्या अंकापासून पुन्हा बघावंच लागतं.

पण कॉलेजच्या वयाच्या मुलाला धरून ठेवणारी गोष्ट खुनी कोण ही नव्हे, असं माझं मत. ती आहे हार्वी डेंटची.

गच्चीवर, रात्री, तीन माणसं भेटतात. पोलिस कॅप्टन जिम गॉर्डन, सरकारी वकील हार्वी डेंट आणि बॅटमन. शहर कारमाइन फाल्कोनी ऊर्फ 'रोमन' या माफियाच्या खिशात आहे. न्यायाधीश विकत, पोलिस विकत. रोमनला आपला काळा पैसा गॉथमच्या बँकेत घालायचाय आणि बँकेच्या संचालक मंडळावर ब्रूस वेन, म्हणजे मुखवट्याविनाचा बॅटमन, बसलेला आहे. (संचालक मंडळाच्या बैठका, दबाव, ठराव हा भाग महाराष्ट्रातल्या वाचकाला वाचताना परका वाटत नाही, एवढंच म्हणतो.) तिघं ठरवतात की रोमनला आपण मिळून पाडायचं. अट एकच : नियम वाकवायचे, मोडायचे नाहीत.

तीन प्रामाणिक माणसं एका रेषेपाशी उभी राहतात आणि पुढची साडेतीनशे पानं आपण बघत राहतो की कोणाचा पाय कधी पलीकडे पडतो. डेंट पुढे 'टू-फेस' हा खलनायक होणार हे जगाला १९४२पासून ठाऊक आहे. भर कोर्टात तोंडावर ॲसिड, अर्धा चेहरा जळालेला, हातात नाणं. तेव्हा हे सांगितल्याने तुमचा रसभंग होत नाही. उलट ते माहीत असण्यातच मजा. सेल डेंटचा चेहरा पुन्हा पुन्हा असा काढतो की अर्धा उजेडात, अर्धा सावलीत. माणूस अजून धडधाकट आहे, बायकोशी घराबद्दल बोलतोय, आणि आपल्याला सावलीची ती कड दिसते. मधल्या अंकांत तर खुनाच्या संशयाची सुई त्याच्याकडेच वळते. ॲसिडचा प्रसंग आपल्याकडच्या वाचकाला जास्त लागेल, त्याची कारणं रोजच्या पेपरात आहेत.

विशी-बाविशीच्या पोराला हा माणूस जवळचा वाटतो यात आश्चर्य काय? कायद्याने गेलं तर काही होत नाही, हे त्याने आजूबाजूला बघितलेलं असतं. आणि कायदा सोडला तर आपलं काय होईल, हा प्रश्न त्याला घरी कोणी विचारत नाही. डेंट, गॉर्डन आणि बॅटमन एकाच ठिकाणाहून निघतात आणि तीन वेगळ्या जागी पोचतात. गॉर्डनकडे ना पैसा ना मुखवटा. घरी बायको, लहान मूल, आणि तरी तो रात्री गच्चीवर जातो. मला विचाराल तर पुस्तकातलं सगळ्यात धीराचं पात्र तो आहे. पुढे २००८च्या 'द डार्क नाइट' चित्रपटात हेच तिघं आपल्याला दिसले, आणि तुमच्यातल्या बऱ्याच मुलांनी तो चित्रपट बघूनच हे पुस्तक मागितलं असणार.

पुस्तक निर्दोष आहे असं मात्र नाही. दर महिन्याच्या अंकाला गिऱ्हाईक टिकवायचं म्हणून बॅटमनचे जुने शत्रू एकामागून एक हजेरी लावून जातात. जोकर, रिडलर, पॉयझन आयव्ही, स्केअरक्रो, मॅड हॅटर, जत्राच भरते. काहींचं खुनांशी काही देणंघेणं नसतं. माफिया सिनेमाची छाया तर पहिल्या पानापासून इतकी दाट आहे की कधीकधी चोरीचा माल वाटतो. आणि उलगडा? तो मी सांगणार नाही, पण इतकं सांगतो की शेवटी वाचकाला जे कळतं ते बॅटमनला कळत नाही, आणि कळलेलंही पूर्ण पटतंच असं नाही. पुस्तक येऊन इतकी वर्षं झाली तरी वाचक भांडतात की नक्की किती खून कोणी केले. रहस्यकथेच्या सनातनी वाचकाला ही फसवणूक वाटते. मला चालली. तुम्ही वाचून ठरवा. आणि हो, आपल्या वाचनालयांत रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून ठेवणारे महाभाग असतात. त्यांना या पुस्तकापासून लांब ठेवा.

आता सभा. दोन आक्षेप येतील. पहिला, "चित्रं आहेत म्हणजे पोरांचं." दुसरा, "खून आहेत म्हणजे पोरं बिघडतील." गंमत म्हणजे एकच माणूस दोन्ही एका दमात म्हणतो.

दुसऱ्या आक्षेपाला सत्तर वर्षांचा इतिहास आहे आणि तो तुमच्याच व्यवसायातल्या एका बाईंपाशी येऊन थांबतो, म्हणून सांगतो. १९४०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत काही गावांत कॉमिक्सच्या चक्क होळ्या झाल्या. १९५४मध्ये न्यूयॉर्कचे मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांनी 'सिडक्शन ऑफ द इनोसंट' हे पुस्तक काढलं. त्यांच्या दवाखान्यात येणाऱ्या बिघडलेल्या मुलांचे दाखले देऊन त्यांनी कॉमिक्सवर ठपका ठेवला. बॅटमनही त्यातून सुटला नाही. सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली. सरकारने बंदी घालायच्या आत प्रकाशकांनी स्वतःच आचारसंहिता केली. गुन्हेगाराबद्दल सहानुभूती वाटता कामा नये, पोलिस आणि न्यायाधीशांचा मान राखलाच पाहिजे, शेवटी सत्याचाच जय झाला पाहिजे. पोलिस विकला गेलाय असं दाखवायची सोय राहिली नाही, मग डेंटची गोष्ट कुठली सांगता? टू-फेस त्यानंतर नव्या गोष्टींतून जवळजवळ गायबच झाला, तो १९७१मध्ये परतला. डीसीने ती संहिता पूर्णपणे सोडली २०११मध्ये.

वर्थम यांची कागदपत्रं २०१०मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये अभ्यासकांना खुली झाली. इलिनॉय विद्यापीठात ग्रंथालयशास्त्र शिकवणाऱ्या कॅरोल टिली यांनी ती तपासली आणि २०१२मध्ये लिहून दाखवलं की वर्थम यांनी मुलांच्या जबान्यांत फेरफार केले होते. सोयीचं तेवढं ठेवलं, घरची मारहाण, गरिबी असले गैरसोयीचे तपशील गाळले. एका ग्रंथपालाच्या नजरेने साठ वर्षांपूर्वीचं बनाव-प्रकरण उघडं पाडलं, हे सभेत सांगायला हरकत नाही.

पण म्हणून कोणाच्याही हातात काहीही द्या, असा अर्थ मी काढत नाही. तुमच्या सदस्यांची शंका तिन्ही पुस्तकांच्या बाबतीत सारखी चुकीची नाही. 'लाँग हॅलोविन'मध्ये खून भरपूर आहेत, पण सेल जखमांवर रेंगाळत नाही. नववी-दहावीपासून पुढे बिनघोर द्या. बालविभागात मात्र नको, सात वर्षांच्या मुलाने ते सहज ओढून काढावं असं पुस्तक नाहीच ते. तिथे तुमच्या ज्येष्ठ सदस्यांचं बरोबर आहे आणि सभेत तसं म्हणून टाका. मोठ्यांच्या विभागात रहस्यकथांच्या ओळीत लावा.

'किलिंग जोक' दिसायला तिन्हींत बारीक, म्हणून निरुपद्रवी वाटेल. १९८८चं हे पुस्तक. चित्रं ब्रायन बोलंडची, अप्रतिम. पण त्यात गॉर्डनच्या मुलीला गोळी घालून तिची जी विटंबना केली आहे ती शाळकरी मुलांपुढे ठेवायची गोष्ट नव्हे. लेखक ॲलन मूर स्वतःच पुढे या पुस्तकावर नाराज होता. हे प्रौढ सभासदांनाच, मागितल्यावर द्या. 'वॉचमेन'ही मूरचंच, डेव्ह गिबन्सबरोबरचं, १९८६-८७चं. सुरुवात खुनापासून, तपास करणारा एक मुखवटेवाला, पण ते पुढे कुठल्या कुठे जातं. लैंगिक हिंसा आहे, नग्नता आहे, अणुयुद्धाची भीती आहे. 'टाइम' साप्ताहिकाने २००५मध्ये निवडलेल्या शंभर इंग्रजी कादंबऱ्यांच्या यादीत ते आहे, तेव्हा त्याला सरळ इंग्रजी कादंबऱ्यांत बसवा. उंचीला बसत नसेल तर खालच्या फळीवर. आडवं ठेवू नका.

यावरून आठवलं. हातोहात फिरलं की 'लाँग हॅलोविन'ची पाठ सुटणार. डिंकाने चिकटवलेली बांधणी आणि एवढी जाडी, ती किती दिवस धरणार? आपल्या नेहमीच्या बाइंडरकडे द्याल तर तो कडेने भोकं पाडून दोरा ओवेल आणि वरून कटिंग मारेल. साध्या कादंबरीला ते चालतं, समास असतो. इथे दोन पानांवर पसरलेली चित्रं आहेत. मधला अर्धा इंच शिलाईत गेला की बॅटमन गेला, आणि कडा कापल्या की कडेचा पुरावाही गेला. पाठीला फक्त डिंक लावून जाड कापडी पट्टी बसवायला सांगा. कटिंग नको म्हणून दोनदा बजावा, तरी तो विचारेल.

नवीन काही घ्यायचं असेल आणि मंडळाने खिशात हात घातला, तर १९८७चं 'बॅटमन : इयर वन' घ्या. छोटं आहे, स्वस्त पडेल, आणि गॉर्डन-डेंट-रोमन ही मंडळी पहिल्यांदा एकत्र भेटतात तिथे. लोब आणि सेल यांनी 'डार्क व्हिक्टरी' नावाचा पुढचा भागही केला आहे. मुलं मागतीलच. घाई नाही.

दाखल नोंदवहीत तुम्ही लेखकाच्या रकान्यात एकट्या जेफ लोबचं नाव लिहिलं असेल, बहुतेक सगळीकडे तसंच होतं. बॅटमनच्या बाबतीत तर ही जुनीच खोड आहे. बिल फिंगर या माणसाने बॉब केनच्या बरोबरीने त्याला घडवलं आणि निर्माता म्हणून त्याचं नाव अधिकृतपणे लागायला २०१५ उजाडलं, तोवर तो जाऊन चार दशकं उलटली होती. तेव्हा लोबच्या पुढे स्वल्पविराम देऊन टिम सेल लिहा. रंगांसाठी ग्रेगरी राइटचंही. रकाना पुरला नाही तर शेऱ्यात लिहा.